जिवाणूंचा सातबारा

पवनारच्या शिवारात मृगाचा पाऊस झाला की कृषी केंद्रांवर दोन वस्तूंना गिऱ्हाईक असतं. एक बीटी कपाशीचं बियाणं, दुसरं सोयाबीन-तुरीच्या बियाण्याला चोळायचं रायझोबियमचं पाकीट. कपाशीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूकडून आणलेला जनुक आहे. पाकिटात तर जिवाणूच काळ्या भुकटीत जिवंत बसलेले आहेत. घरी रात्री दुधाला विरजण लागतं, त्यामागेही तेच. जिवाणूंशी आपला व्यवहार असा रोजचा आहे, ओळख मात्र तेवढी नाही. जंतू म्हटलं की रोग आठवतो, रोग म्हटला की गोळी, आणि विषय तिथेच संपतो. ही ओळख नीट करून द्यावी म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे. ओळख करून द्यायची तर पहिला प्रश्न वर्गीकरणाचाच येतो: हा कोण, कुणाच्या नात्यातला, आणि कशावरून?

वर्गीकरण हा शाळेतला सर्वांत रुक्ष धडा. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची. पण कशाला कुठल्या खान्यात ठेवलं यावर पुढचं बरंच काही ठरत असतं. औषध कुठलं द्यायचं, बियाण्याला काय लावायचं, कायदा काय करायचा, एवढंच काय, आजारी माणसाला घरात ठेवायचं की वेशीबाहेर काढायचं, हेसुद्धा. याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. तो वर्धा जिल्ह्यातच आहे, म्हणून विषयाचा नकाशा मांडण्याआधी कुष्ठरोगाच्या जिवाणूची हकिकत सांगायला हवी.

मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. विनोबा स्वतः १९३८मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी राहायला आले. तिकडे सेवाग्रामला परचुरे शास्त्री हे संस्कृत पंडित कुष्ठरोग अंगावर घेऊन दाखल झाले, तेव्हा गांधीजींनी त्यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. त्या काळात महारोग म्हणजे पूर्वजन्मीचं पाप, नाहीतर घराण्याला लागलेला दोष. दोन्ही समजुतींचा अर्थ एकच होता: रोगाचं मूळ त्या माणसात आणि त्याच्या रक्तात आहे. साहजिकच एकाला चट्टा दिसला की सगळ्या घराच्या सोयरिकी मोडायच्या.

अडाण्यांनाच असं वाटत होतं, असंही नाही. नॉर्वेतल्या बर्गन शहरातला डॅनिएलसन हा एकोणिसाव्या शतकातला कुष्ठरोगाचा मोठा जाणकार. तोही हा रोग आनुवंशिक मानत असे. त्याचाच जावई आर्माउर हान्सन याला १८७३मध्ये रुग्णांच्या गाठींतून काढलेल्या द्रवात काड्यांच्या आकाराचे जीव दिसले. जिवाणू एखाद्या जुनाट मानवी रोगाचं कारण असू शकतो, हा दावा तेव्हा फारसा कुणी केलेला नव्हता. हान्सनला तो सिद्ध करता येईना, कारण हा जीव प्रयोगशाळेत वाढेना. पुराव्यासाठी त्याने १८७९मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिला न विचारता रोगद्रव्य टोचलं. त्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी धरलं आणि रुग्णालयातलं त्याचं पद गेलं. त्याचं ते कृत्य अक्षम्यच होतं. निष्कर्ष मात्र बरोबर निघाला. कुष्ठरोग आनुवंशिकतेच्या खान्यातून उठून संसर्गाच्या खान्यात आला.

विज्ञानाने खाना बदलला म्हणून समाजाने बदलला असं होत नाही. भारतातल्या कुष्ठरोगाची पाहणी करणाऱ्या आयोगाने १८९०-९१मध्ये निष्कर्ष काढला की हा रोग आनुवंशिक नाही आणि संसर्गाचा धोकाही अगदी थोडा आहे. तरीही १८९८मध्ये ‘लेपर्स ॲक्ट’ आला आणि निराधार रुग्णांना डांबून ठेवण्याची सोय झाली. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकात होतं, ते २०१९मध्ये निघालं.

वर्ध्यात दरम्यान वेगळं काही घडत होतं. १९५१मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान इथे स्थापन झालं आणि डॉ. वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि गावातच उपचार अशी पद्धत बसवली गेली. रोग जिवाणूचा असेल तर रुग्णाला उचलून वसाहतीत नेण्याऐवजी जिवाणूला मारणारं औषध त्याच्या दारात न्यावं, इतका सरळ हा विचार होता. सुरुवातीला डॅप्सोन ही एकच गोळी होती. पुढे जिवाणू तिला दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन अशा तीन औषधांचा एकत्र उपचार सुचवला. तो भारतात ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता.

या हकिकतीत वर्गीकरण कुठे आहे? ते जिवाणूच्या नावातच आहे. कुष्ठरोगाचा जिवाणू मायकोबॅक्टेरियम लेप्री आणि क्षयाचा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस. दोघांची प्रजाती एक. हे नातं कागदावरचं नाही. दोघांच्याही अंगावर मेणासारख्या मेदाम्लांचा जाड थर असतो. तंत्रज्ञ रुग्णाच्या कानाची पाळी चिमटीत धरतो, तिच्यात बारीक छेद घेतो आणि पात्याने खरवडून आलेला रस काचपट्टीवर पसरतो. मग लाल रंग गरम करून चढवतो आणि आम्लाने धुतो. बाकीच्या पेशींचा रंग उतरतो, या घराण्याचा उतरत नाही. शेवटी निळ्या पार्श्वभूमीवर जुडीने पडलेल्या लाल काड्या दिसतात. क्षयाची थुंकी तपासण्याची रीत जवळपास हीच आहे. रिफॅम्पिसिन दोन्ही रोगांवर चालतं. क्षयासाठी टोचलेली बीसीजी लस कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात बचाव करते. एका भावंडाबद्दल कळलेलं दुसऱ्याच्या कामी येणं, हा वर्गीकरणाचा खरा उपयोग.

आणि भावंडं असूनही ती किती वेगळी! कुष्ठरोगाचा जिवाणू दुप्पट व्हायला जवळजवळ दोन आठवडे घेतो. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. कृत्रिम माध्यमावर लेप्री आजवर वाढलेला नाही. तो वाढवायचा तर उंदराचा तळपाय किंवा आर्माडिलो हा अमेरिकी प्राणी लागतो. २००१मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा कारण कळलं. ज्याचा संच वाचला तो जिवाणू तमिळनाडूतल्या रुग्णाकडून आलेला होता. त्याच्याकडे सुमारे १,६०० चालू जनुकं आणि १,१००हून अधिक मोडकी जनुकं निघाली. क्षयाच्या जिवाणूकडे सुमारे ४,००० जनुकं आहेत. माणसाच्या पेशीत सगळं आयतं मिळत गेल्यामुळे लेप्रीने स्वतःची हत्यारं टाकून दिली आणि बाहेर जगण्याची ताकद गमावली.

आता थोडं मागे जाऊन सगळं क्षेत्र पाहू. जीवसृष्टीची वाटणी करण्याची हौस जुनी आहे. आपल्याकडे जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज अशा चार खाणी सांगितल्या. कसोटी होती ती जन्माची. जो गर्भातून येतो, जो अंड्यातून, जो घामातून किंवा ओलाव्यातून, जो जमीन फोडून. ही वाटणी कीर्तनातून, पोथ्यांतून घरोघर पोचली. यातली तिसरी खाण, म्हणजे घामओलाव्यातून जीव आपोआप उपजतो ही कल्पना, युरोपातही मुरलेली होती. पाश्चर यांनी १८६०च्या सुमारास बाकदार नळीच्या चंबूत उकळलेला रस्सा ठेवून ती मोडीत काढली. धूळ आत गेली नाही तर रस्सा नासत नाही. म्हणजे जिवाणूही जिवाणूपासूनच जन्मतो.

लिनियसने १७३५पासून उतरंड बसवली आणि प्रत्येक सजीवाला प्रजाती आणि जाती असं जोडनाव देण्याची पद्धत रूढ केली. ती आजही चालते. जिवाणू मात्र त्याला झेपले नाहीत. ते त्याच्या आधीच लेवेनहुकला स्वतः घासलेल्या भिंगातून दिसले होते. १६८३च्या पत्रात त्याने दातांवरच्या किटणातल्या जीवांची चित्रंही काढून पाठवली होती. लिनियसने असल्या सूक्ष्मजीवांना कृमींच्या वर्गात ‘केऑस’ म्हणजे गोंधळ या नावाखाली टाकलं. तो प्रामाणिक होता म्हणायचा.

गोंधळ निवारण्याचे पुढचे प्रयत्न वेगवेगळ्या कसोट्यांवर झाले, आणि त्यातूनच या शास्त्राची घराणी तयार झाली. पहिलं घराणं आकाराचं. फर्डिनांड कोन याने १८७२मध्ये गोल, आखूड काडी, लांब तंतू आणि मळसूत्री अशी विभागणी केली. दुसरं रंगाचं. १८८४मध्ये ग्राम या डॅनिश डॉक्टरने शोधलेल्या रंगवण्याच्या रीतीने जिवाणूंचे दोन तट पडले, जांभळे राहणारे आणि रंग सोडणारे. भिंतीच्या बांधणीतला हा फरक आजही डॉक्टरला औषध निवडताना पहिली दिशा देतो. तिसरं घराणं वर्तनाचं: कुठली साखर पचते, प्राणवायू लागतो की नकोसा होतो, आम्ल बनतं की वायू. अशा लक्षणांची जंत्री करणारं ‘बर्गीज मॅन्युअल’ १९२३मध्ये निघालं आणि प्रयोगशाळांची पोथीच झालं.

महाराष्ट्राने हा काळ पुस्तकात वाचला नाही, अंगावर घेतला. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याच्या दोनच वर्षं आधी हाँगकाँगमध्ये येर्सँ याने त्याचा जिवाणू शोधला होता. हाफकिन यांनी मुंबईत त्याच जिवाणूपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. परळची हाफकिन संस्था त्या धामधुमीतून उभी राहिली.

त्या प्लेगच्या जिवाणूचं नाव मात्र बदलत राहिलं: आधी बॅक्टेरियम पेस्टिस, मग पाश्चुरेला पेस्टिस, आणि शेवटी शोधकाच्या नावावरून येर्सिनिया पेस्टिस. नवख्या वाचकाचा इथे संताप होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. जिवाणूंचं नाव हा सातबारा आहे. जमीन तीच असते. नवा पुरावा पुढे आला की फेरफार पडतो. कधी पुरावा असूनही फेरफार नामंजूर होतो. जनुकांच्या हिशेबाने प्लेगचा जिवाणू आणि पोटाचा साधा विकार करणारा येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलॉसिस एकाच जातीचे ठरतात. तरीही १९८०च्या दशकात त्यांना एक नाव देण्याचा प्रस्ताव नाकारला गेला, कारण प्रयोगशाळेतल्या चिठ्ठीवरच्या गफलतीने माणसं मेली असती. नावांचा बोजा इतका वाढला होता की १९८०मध्ये सगळ्या जुन्या नावांची छाननी करून अडीच हजारांच्या आसपास नावांची अधिकृत यादी केली आणि बाकीची बाद केली.

जिवाणू म्हणजे नेमकं काय, याचं समाधानकारक उत्तर १९६२पर्यंत नव्हतं. त्या वर्षी स्टॅनियर आणि व्हान नील यांनी ते मांडलं. आकाराने साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग, पडद्यात गुंडाळलेलं केंद्रक नाही, बहुधा एकच गोलाकार गुणसूत्र, बहुतेकांच्या अंगाभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत, आणि एकाचे दोन होऊन वाढ. अशा पेशींना आदिकेंद्रकी म्हणतात. आपण, आंबा, भूछत्र, अमीबा हे सगळे दृश्यकेंद्रकी. म्हणजे सजीवांतली सर्वांत खोल दरी झाड आणि जनावर यांच्यात नसून जिवाणू आणि बाकी सर्व यांच्यात आहे. विषाणूंना स्वतःची पेशीच नाही, त्यामुळे ते या वाटणीत बसत नाहीत, आणि जिवाणूंवरचं प्रतिजैविक त्यांच्यावर चालत नाही ते याचमुळे. व्हिटाकरच्या १९६९च्या पाच सृष्टींत जिवाणूंना मोनेरा ही स्वतंत्र सृष्टी मिळाली. आपल्या शाळा अजून तिथेच थांबलेल्या आहेत.

शास्त्र थांबलं नाही. दृश्य लक्षणांत आणि नात्यांत फरक आहे, हा वाद तोवर पेटला होता. स्नीथ आणि सोकल म्हणत, शेकडो लक्षणं मोजा, ज्यांची जास्त जुळतील ते जवळचे. हेनिग म्हणे, साम्य मोजू नका, समान पूर्वज शोधा. जिवाणूंच्या बाबतीत हेनिगची वाट बंद दिसत होती. यांचे जीवाश्म कोण शोधणार? कार्ल वोस यांनी ती उघडली. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात. त्यातल्या एका आरएनएची सुमारे दीड हजार अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या फार हळू बदलतात. ती ताडून पाहिली तर नातं कळतं. १९७७मध्ये वोस आणि फॉक्स यांनी मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची अक्षरं तपासली, आणि ते जिवाणूच नाहीत असं निघालं. भिंगातून ते जिवाणूंसारखेच दिसतात, पण नात्याने जिवाणूंपासून इतके दूर आहेत की त्यांच्यासाठी आर्किया हा वेगळा महाविभाग करावा लागला. १९९०पासून जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी असे तीन महाविभाग मानले जातात.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला आर्किया पाहायला समुद्राच्या तळाशी जायला नको. गोबरगॅसच्या टाकीत शेणाचं विघटन करून आम्लं आणि हायड्रोजन तयार करतात ते जिवाणू. त्यांच्यापासून चुलीत जळणारा मिथेन बनवतात ते आर्किया. दोघांची साखळी तुटली की गॅस बंद. हिवाळ्यात टाकी मंदावते ती सूक्ष्मजीवांची ही मंडळी गारठल्यामुळे. आणि जून २०२०मध्ये बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्या रंगामागे खारट पाण्यात वाढणारे आर्कियाच निघाले.

नाती अक्षरांवरून कळू लागल्यावर अनपेक्षित सोयरिकी बाहेर पडल्या. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७मध्ये मांडलं की आपल्या पेशीत ऊर्जा बनवणारी तंतुकणिका हा कधीकाळी गिळलेला जिवाणूच आहे. तिची अक्षरं वाचल्यावर तिचं गोत्र अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया निघालं, जे रायझोबियमचंही आहे. सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसलं, तर समजावं की आतला जिवाणू हवेतला नत्र बांधतो आहे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्या द्रव्याचा असतो. गाठ पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम बंद आहे. सोयाबीनचा जिवाणू १९८२पासून ब्रॅडिरायझोबियम या वेगळ्या प्रजातीत आहे, हरभऱ्याचा मेसोरायझोबियममध्ये. म्हणून खरिपातलं उरलेलं सोयाबीनचं पाकीट रब्बीत हरभऱ्याला चोळून उपयोग नाही. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं ते याचसाठी.

मग सगळं नक्की झालं का? नाही, आणि इथेच विषय रंगतो. वनस्पती-प्राण्यांत वारसा वरून खाली येतो. जिवाणूंत तो आडवाही जातो. प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनएच्या कड्या एका जिवाणूकडून अगदी परक्या जातीच्या जिवाणूकडे जातात. त्यामुळे वंशवृक्षाच्या फांद्या ठिकठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, आणि जिवाणूंत जात म्हणजे काय यावर अजून एकमत नाही. कामापुरता नियम असा की दोघांच्या जनुकसंचांत सरासरी ९५ टक्क्यांहून अधिक साम्य असेल तर जात एक. २०२०मध्ये जनुकसंच ताडूनच लॅक्टोबॅसिलस ही जुनी प्रजाती फोडून २५ प्रजाती केल्या. विकतच्या प्रोबायोटिक दह्याच्या डब्यावर नवं, जीभ वळणार नाही असं नाव दिसलं तर आतला जीव बदललेला नसतो.

या आडव्या देवाणघेवाणीमुळेच हा विषय आज तातडीचा झाला आहे. प्रतिजैविकाला न जुमानण्याचं जनुक एका निरुपद्रवी जिवाणूत तयार झालं तरी ते उद्या घातक जिवाणूकडे पोचू शकतं. तापाला, सर्दीला विषाणू कारण असताना हट्टाने घेतलेली प्रतिजैविकाची गोळी, कोर्स अर्धवट टाकणं, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेली औषधं, यांतून त्या जनुकांना वाव मिळतो. बीटी कपाशीचंही तसंच आहे. २००२मध्ये तिला परवानगी मिळाली. आज गुलाबी बोंडअळी तिला दाद देत नाही. अळी जिवाणू नाही, पण सारखा एकाच विषाचा मारा केला की टिकाव धरणारे उरतात, हा नियम दोघांनाही लागू. कुष्ठरोगही संपलेला नाही. २००५च्या अखेरीस देशपातळीवर त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, ते दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण या अर्थाने. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि विदर्भाच्या पूर्व भागातल्या आरोग्यसेविका अजून घरोघर चट्टे तपासत फिरतात.

या पार्श्वभूमीवर हे पुस्तक काय करू पाहतं? ते पाठ्यपुस्तक नाही, रोगांचा कोशही नाही. विज्ञान शाखेत न गेलेल्या पण कुतूहल असलेल्या वाचकाला, शेती करणाऱ्याला, आशा कार्यकर्तीला, दहावी-बारावीच्या मुलामुलींना ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. प्रत्येक गटाची ओळख शक्यतो आपल्या परिसरातल्या एखाद्या जिवाणूच्या हातून करून दिली आहे: टाकीतला, मुळावरचा, आतड्यातला, रुग्णाच्या त्वचेतला. लॅटिन नावं टाळलेली नाहीत. औषधाच्या चिठ्ठीवर आणि बियाण्याच्या पाकिटावर ती येतात, तेव्हा ती वाचता यायला हवीत. मात्र ती पाठ करण्याचा आग्रह नाही. जिथे शास्त्रज्ञांत मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू मांडल्या आहेत.

वाचकाने एक सवय मात्र लावून घ्यावी अशी अपेक्षा आहे. कुणी कशालाही, जिवाणूला किंवा माणसाला, एखाद्या खान्यात टाकलं की विचारावं: कसोटी कुठली लावली, आणि नवा पुरावा आला तर हा खाना बदलायची तुमची तयारी आहे का? कुष्ठरोग आनुवंशिक नाही हे आयोगाने सांगितल्यावरही ‘लेपर्स ॲक्ट’ ११८ वर्षं टिकला, कारण हा प्रश्न पुरेशा लोकांनी, पुरेशा मोठ्याने विचारला नाही. जिवाणूंचं शास्त्र शंभर-दीडशे वर्षांत चार वेळा आपली मांडणी मोडून नवी करू शकलं, ते हा प्रश्न त्याने स्वतःला विचारल्यामुळे. पुढच्या पानांवर वाचकानेही तो लेखकाला विचारत राहावा.

पवनार, जि. वर्धा